सेकंदाचे हजार तुकडे: परवडणाऱ्या हायस्पीड कॅमेऱ्यानं घरच्या घरी स्लो मोशन

कढईत मोहरी तडतडते तेव्हा त्या एवढ्याशा दाण्याचं नेमकं काय होतं, हे बघायचं म्हणून मी दोन वर्षांपूर्वी स्लो मोशनच्या नादाला लागले. पहिल्या महिन्यात पन्नासेक क्लिप काढल्या. बहुतेक काळ्याकुट्ट, काही दाणेदार आणि उरलेल्यांत उजेड सारखा कमीजास्त होत होता. वाटलं, कॅमेराच बिघडलेला मिळाला. कॅमेरा ठणठणीत होता, कमी पडत होता तो उजेड. हायस्पीड कॅमेऱ्याला किती उजेड लागतो ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मी ऐरोलीत राहते. स्टुडिओ नाही. गॅलरी, सोसायटीची गच्ची आणि भावाच्या कळव्याच्या घरातला हॉल एवढ्यावर सगळं भागवलं. तुम्हीही ठाणे-नवी मुंबईत अशाच फ्लॅटमध्ये राहून हे करू बघत असाल, तर खालचा क्रम उपयोगी पडेल.

१. नवा कॅमेरा घेण्याआधी हातातला फोन तपासा

हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, घेण्याची सोय असते. काहींवर ९६० असंही लिहिलेलं असतं. पण फोन खरोखर तेवढ्या फ्रेम टिपतो, की थोड्या टिपून मधल्या स्वतःच रचतो, हे खोक्यावरून कळत नाही. दहा मिनिटांत घरी तपासता येतं.

टेपनं भिंतीवर एक मीटर उंचीची खूण करा. तिथून लिंबू सोडा, फेकू नका. एक मीटर पडायला ०.४५ सेकंद लागतात, लिंबू लहान असो वा मोठं. म्हणजे २४० च्या वेगानं लिंबू सुमारे १०८ फ्रेममध्ये दिसायला हवं. क्लिप ३० फ्रेमच्या वेगानं चालत असेल, तर ते साडेतीन सेकंदांहून किंचित जास्त वेळ हवेत दिसेल.

आता क्लिप एकेक फ्रेम पुढे सरकवा. प्रत्येक फ्रेममध्ये लिंबू थोडं खाली आलं पाहिजे आणि कडा स्वच्छ हव्यात. दोन फ्रेम हुबेहूब सारख्या दिसल्या, किंवा लिंबाभोवतीची भिंत पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी हलली, तर मधल्या फ्रेम रचलेल्या आहेत. नळाच्या धारेवर हा दोष आणखी चटकन दिसतो. थेंब वितळल्यासारखे एकमेकांत मिसळतात.

फोन २४० ला खरा उतरला, तर पहिले तीन महिने त्यावरच काढा. उजेड, फोकस आणि वेळ साधणं त्यावरही शिकता येतं, आणि शिकायचं मुख्यतः तेच आहे.

२. तुमच्या विषयाला किती वेग लागतो ते ठरवा

नवा माणूस सगळ्यात मोठा आकडा निवडतो. मीही तेच केलं होतं. प्रत्येक पायरीला किंमत पडते: फ्रेम दुप्पट केल्या की प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला येणारा उजेड निम्मा होतो आणि बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांत चित्राचा तपशीलही घटतो. २००८ सालचा कॅसिओ एक्झिलिम एफ-वन सेकंदाला १२०० फ्रेम घ्यायचा, पण त्या वेगाला चित्र फक्त ३३६ बाय ९६ पिक्सेलचं, एखाद्या पट्टीएवढं. जुन्या कॅमेऱ्याची जाहिरात बघताना वेगाच्या शेजारी रेझोल्यूशन किती लिहिलंय ते आधी वाचा.

माझा अनुभव असा. लेझीम, ढोलपथक, धावणारी मुलं, उडणारा बगळा यांना १०० ते १२० फ्रेम पुरतात. कॅरम, विटीदांडू, पाण्याचे शिंतोडे, शिंजीर पक्षी यांना २४० किंवा २५०. मोहरी, मक्याची लाही, पाण्यानं भरलेला फुगा यांना ५०० ते १०००.

हिशेब करायचा तर लिंबाचंच उदाहरण घ्या. एक मीटर पडून जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो. २४० ला दोन फ्रेमच्या मध्ये ते जवळजवळ दोन सेंटीमीटर सरकतं, १००० ला साडेचार मिलिमीटरसुद्धा नाही. लिंबाला दोन सेंटीमीटर चालतील. मोहरीचा दाणाच दोनेक मिलिमीटरचा, त्याला नाही चालणार.

३. कॅमेरा निवडणं आणि जुना घेताना तपासणं

परवडणारा हा शब्द इथे जरा जपून वापरावा लागतो. क्रोनोस १.४ नावाचा कॅनडात तयार झालेला कॅमेरा २०१६ साली लोकवर्गणीतून बाजारात आला. १२८० बाय १०२४ रेझोल्यूशनवर तो सेकंदाला १०५७ फ्रेम घेतो. प्रयोगशाळांतल्या हायस्पीड कॅमेऱ्यांच्या मानानं तो खूपच स्वस्त, तरी किंमत काही हजार डॉलर आणि वर आयातीचा खर्च. कॉलेजच्या प्रयोगशाळेला किंवा कारखान्याला ठीक, हौशी माणसाला नाही.

हौशी माणसाच्या आवाक्यातले म्हणजे सोनीचे आरएक्स-१०० मार्क चार आणि आरएक्स-१० मार्क दोन, दोन्ही २०१५ चे, आणि त्यांच्या पुढच्या आवृत्त्या. हे २५०, ५०० आणि १००० फ्रेम घेतात. मी सेकंडहँड आरएक्स-१० मार्क दोन घेतला, कारण त्याची लेन्स २४ ते २०० मिलिमीटर आहे आणि झूम कितीही केला तरी ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, एफ २.८ राहतं (आकडा लहान तेवढं भोक मोठं). दुरून शूट करताना उजेड हातचा जात नाही. आरएक्स-१०० खिशात मावतो, पण तेलाच्या कढईजवळ नेताना जीव खालीवर होतो. पाण्यात किंवा पावसात काम करायचं असेल तर गोप्रो बघा. हिरो सिक्स ब्लॅकपासून पूर्ण एचडीत २४० फ्रेम मिळतात.

जुने कॅमेरे बघायला फोर्टात, सीएसएमटीसमोरच्या भागात जा, किंवा ओळखीतून घ्या. व्यवहाराच्या वेळी ही कागदपत्रं मागा:

- मूळ बिल. त्यावरचा सिरियल नंबर कॅमेऱ्याच्या तळावरच्या नंबराशी जुळवून बघा.
- विकणाऱ्याची सही असलेली पावती, तारीख आणि रकमेसह.
- ओळखीतला माणूस नसेल तर त्याच्या ओळखपत्राची प्रत.

आणि तिथेच उभं राहून हे तपासा. मोबाइलचा टॉर्च लेन्समध्ये तिरपा मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या दमट हवेत ती सर्रास सापडते. झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि कुरकुर ऐकू येते का ते कान देऊन ऐका. मेनूची भाषा इंग्रजी करता येते का बघा. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या कॅमेऱ्यांत ती फक्त जपानी असते. पाल आणि एनटीएससी या व्हिडिओच्या दोन पद्धतींतली निवड मेनूत आहे का, हेही बघा. ती कशाला लागते ते पुढे येईल. शेवटी एचएफआर (हाय फ्रेम रेट), म्हणजे स्लो मोशनच्या मोडवर पाठोपाठ पाच क्लिप काढा.

एका दुकानात मला हे शेवटचं करू दिलं नाही. 'मॅडम, बॅटरी उतरलीय' म्हणाले. मी तसाच कॅमेरा उचलला. घरी आल्यावर कळलं, तिसऱ्या क्लिपनंतर तो बंद पडतो. दुकानदारानं परत घेतला, पण दोन हजार कापून. बॅटरी उतरली असेल तर ती चार्ज होईपर्यंत चहा पिऊन या.

४. बाकीचं सामान

- जड ट्रायपॉड. हलका असेल तर मधल्या दांड्याला पाण्याची भरलेली बाटली टांगा.
- ६४ जीबीचं, निदान क्लास १० चं मेमरी कार्ड.
- दोन जादा बॅटऱ्या.
- लेन्सवर लावायला साधा यूव्ही फिल्टर. तेल, पाणी, गुलाल जे उडेल ते त्याच्यावर उडेल.
- काळं मखमल किंवा जाड काळी चादर, आणि बटर पेपरचा एक मोठा ताव.
- एक वही. कोणती क्लिप कोणत्या सेटिंगला काढली ते लिहून ठेवलं नाही तर तीच चूक चार वेळा होते.

५. उजेड

याच्यावर वेळ घालवा. बाकी सगळं याच्यानंतर.

उजेड लक्समध्ये मोजतात. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. संध्याकाळी घरातल्या हॉलमध्ये दिवे लावले तर शंभर-दोनशे लक्स. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण बाहुली आणि मेंदू तो सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला मात्र तो पाचशे ते हजार पटींचा असतो. साध्या व्हिडिओत शटर १/५० सेकंद उघडं राहतं, म्हणून घरात निभावतं. हजार फ्रेमला शटर जास्तीत जास्त १/१००० सेकंद उघडं राहणार. म्हणजे मुळात वीसपट उजेड गेला.

उन्हाचा जुना नियम इथे फार कामाचा आहे. स्वच्छ उन्हात, एफ १६ वर, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० असेल तर शटर साधारण १/१०० ठेवा. तोच हिशेब एफ २.८ वर आणला तर शटर १/३२०० निघतं. म्हणजे उन्हात हजार फ्रेम आरामात निघतात, आयएसओ वाढवायचीही गरज नाही. जून ते सप्टेंबरच्या ढगाळ आभाळाखाली उजेड याच्या आठव्या हिश्श्यावर येतो, तेव्हा आयएसओ ५०० ते ८०० करावं लागतं. चालतं. घरातल्या ट्यूबलाइटखाली मात्र काहीही केलं तरी चित्र निघत नाही.

म्हणून पहिले प्रयोग गच्चीवर नाहीतर पूर्वेच्या गॅलरीत, सकाळी आठ ते दहाच्या उन्हात करा. तेव्हा ऊन तिरपं येतं. पाण्याचा थेंब, पिठाचा धुरळा, तेलाचा शिंतोडा यांना मागून किंवा बाजूनं ऊन मिळालं की ते काचेसारखे चमकतात. दुपारी डोक्यावरच्या उन्हात तेच सपाट दिसतात.

घरातच करायचं असेल तर दिवे आणावे लागतील. त्यात दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, दिवा जवळ न्या. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. सहा फुटांवरचा हॅलोजन दीड फुटावर आणला तर सोळापट उजेड फुकटात मिळाला. विषय जेवढा लहान तेवढा दिवा जवळ नेता येतो. म्हणून फ्लॅटमध्ये लहान विषय निवडा.

दुसरी, विजेचा बोर्ड. मंडपवाल्याकडे ५०० आणि १००० वॉटचे हॅलोजन भाड्यानं मिळतात. भिंतीवरचा साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, म्हणजे २३० व्होल्टवर १४०० वॉटच्याही आत. हजारचे दोन हॅलोजन त्या सॉकेटला एकत्र लावले तर वायर तापते, एमसीबी पडतो, आणि तो नीट नसेल तर आग लागते. गिझरच्या किंवा एसीच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरून जाड वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. मी ५०० चे दोनच वापरते. दीड फुटावरून तेवढ्यात हजार फ्रेमला आयएसओ ४०० ते ८०० मध्ये भागतं. हॅलोजनची जाळी हाताला भाजते आणि जवळचा पडदा पेटू शकतो. शॉट झाला की लगेच बंद करा.

६. फ्लिकर, म्हणजे उजेडाची लुकलुक

आपल्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ. दिवा त्यामुळे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना दिसत नाही, हायस्पीड कॅमेऱ्याला पुरेपूर दिसतो. हजार फ्रेमला काढून २५ च्या वेगानं चालवलं, तर पडद्यावर सेकंदाला अडीच वेळा उजेड-अंधार होत राहतो. बघवत नाही.

स्वस्त एलईडी फ्लडलाइट यात सर्वांत त्रासदायक. वॉट दणदणीत असतात, पण आतलं वीज पुरवणारं सर्किट (ड्रायव्हर) साधं, त्यामुळे दिवा अक्षरशः विझतो आणि पेटतो. विकत घेण्याआधी दुकानात दिवा लावायला सांगा, फोन २४० वर ठेवा आणि दिव्याकडे नाही, समोरच्या भिंतीकडे धरून दहा सेकंद शूट करा. भिंत लुकलुकली तर तो दिवा घेऊ नका.

हॅलोजनची तार जाड असते. शून्यावर वीज गेली तरी ती लालबुंदच राहते, त्यामुळे तिची लुकलुक फार थोडी. जास्त वॉटची तार जास्त जाड, म्हणून १०० वॉटच्या बल्बापेक्षा ५०० चा हॅलोजन बरा. अगदी स्थिर उजेड हवा असेल तर बॅटरीवर या. १२ व्होल्टचा गाडीचा हेडलाइट बल्ब आणि यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी, मध्ये फ्यूज. एवढ्यात लहान विषयापुरता निखळ उजेड मिळतो. जोडणी येत नसेल तर ओळखीच्या वायरमनकडून करून घ्या. बॅटरीवरचे एलईडी व्हिडिओ लाइटही चालतात, फक्त पूर्ण उजेडावर वापरा. उजेड कमी केला की त्यातले बरेचसे पुन्हा लुकलुकू लागतात.

एक बारकावा, जो मला खूप उशिरा कळला. सभागृहात वा मंडपात लाइट बदलता येत नाहीत. तिथे कॅमेरा पाल मोडवर ठेवा आणि १०० फ्रेमला शूट करा. दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि तुम्ही १०० फ्रेम घेता, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला तोच टप्पा मिळतो आणि लुकलुक जवळजवळ दिसेनाशी होते. एनटीएससीतल्या १२० ला हेच चित्र डोळ्यांत खुपतं. पाल-एनटीएससी बदलताना कार्ड फॉरमॅट करावं लागतं, म्हणून हे घरूनच करून निघा.

७. सेटिंग, याच क्रमानं

हे वरच्या सोनी कॅमेऱ्यांचं. आधी डायल एचएफआरवर आणा. फ्रेम रेट निवडा आणि सुरुवातीला २५० वरच थांबा. गुणवत्तेला प्राधान्य देणारा पर्याय घ्या. त्यात एका वेळी दोन सेकंद टिपता येतात. वेळेला प्राधान्य दिलं तर चार मिळतात, पण चित्र मऊ पडतं.

शटर फ्रेम रेटच्या दुप्पट: २५० ला १/५००, ५०० ला १/१०००. उजेड कमीच असेल तर दुप्पट न करता फ्रेम रेटएवढंच ठेवा. चित्र किंचित पुसट होईल, पण काळं होणार नाही. ॲपर्चर एफ २.८ ते ४. आयएसओ शेवटी, लागेल तेवढं.

फोकस हातानं करायचा. ऑटोफोकस ऐन वेळी चादरीवर जाऊन बसतो. घटना जिथे घडणार तिथे आगपेटीची काडी उभी धरा, तिच्या गुलावर फोकस करा, काडी काढून घ्या. मधलं बटण दाबून कॅमेरा सज्ज झाला की फोकस, झूम, एक्स्पोजर काहीच बदलता येत नाही, तेव्हा त्याआधी एकदा शांतपणे सगळं बघून घ्या.

८. वेळ साधणं

दोन सेकंद हातात आहेत आणि मोहरी कधी फुटेल ते मोहरीलाच माहीत. माणसाला बघून बटण दाबायला पाव सेकंद जातो. तेवढ्यात घटना संपलेली असते.

यावर उपाय म्हणजे एंड ट्रिगर. मेनूत ट्रिगरसाठी दोन पर्याय असतात. पहिल्यात बटण दाबल्यानंतरचे दोन सेकंद साठवले जातात. दुसऱ्यात कॅमेरा आधीपासून सतत टिपत आणि जुनं पुसत राहतो, आणि तुम्ही बटण दाबलं की मागचे दोन सेकंद साठवतो. नेहमी दुसरा घ्या. घटना होऊ द्या, मग दाबा.

ही अडचण फार जुनी आहे. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजनं दौडणाऱ्या घोड्याचे फोटो काढले तेव्हा एका रांगेत कॅमेरे मांडून ट्रॅकवर दोऱ्या ताणल्या होत्या. घोड्याच्या धक्क्यानं दोरी तुटायची आणि शटर उघडायचं. माणसाच्या हातावर विसंबून भागणार नाही हे त्यानं ओळखलं होतं. आपल्याला ते काम एक बटण करून देतं.

बटण दाबल्यावर कॅमेरा साठवलेल्या फ्रेम कार्डावर लिहू लागतो. हजार फ्रेमचे दोन सेकंद म्हणजे २५ च्या वेगाची ८० सेकंदांची क्लिप, आणि लिहायलाही साधारण तेवढाच वेळ. त्या काळात पुढचा शॉट मिळत नाही. सोबतच्यांना हे आधी सांगून ठेवा. माझा भाचा स्ट्रायकर धरून दर दहा सेकंदांनी 'आत्या, आता?' विचारायचा आणि शेवटी कंटाळून उठून जायचा.

९. पहिले तीन विषय

कॅरमपासून सुरुवात करा. बोर्ड खिडकीशी घ्या, ऊन समोरून कॅमेऱ्याकडे येईल असं. २५० फ्रेम. बोर्डावर बोरिक पावडर नेहमीपेक्षा थोडी जास्त टाका. ब्रेकला सोंगट्या फुटतात तेव्हा ती धुरासारखी उठते, आणि राणी सगळ्यांच्या मध्ये क्षणभर जागच्या जागी थरथरते. कॅमेरा बोर्डाच्या पातळीला, अगदी खाली. वरून काढलं तर काहीच जाणवत नाही. शॉट हवा तितक्या वेळा पुन्हा घेता येतो, म्हणून नवशिक्याला याच्याइतका चांगला विषय नाही.

मग मोहरी. आईनं आणि मी गॅलरीत इंडक्शन शेगडी मांडली, सकाळी नऊचं ऊन कढल्याच्या मागून घेतलं आणि पलीकडे काळी चादर टांगली. तेल दोन चमचे, मोहरी मोजून दहा-बारा दाणे. मूठभर टाकली तर पडद्यावर नुसता गोंधळ दिसतो. कॅमेरा अडीच फुटांवर, पूर्ण झूम, फिल्टर लावलेला, ५०० फ्रेम. आच मंद ठेवा. तेल धुरावलं की लगेच शेगडी बंद, आणि पाणी जवळ आणायचं नाही, घट्ट बसणारं झाकण हाताशी ठेवायचं. अकराव्या प्रयत्नात मला तो दाणा मिळाला. आतल्या ओलाव्याची वाफ होते, साल एका बाजूनं उकलते, आणि त्या वाफेच्या जोरावर दाणा गिरकी घेत वर जातो. आईनं आयुष्यभर फोडण्या दिल्या, तिनं ती क्लिप सलग सहा वेळा लावायला सांगितली.

तिसरा विषय ऋतूप्रमाणे. पावसाळ्यात गॅलरीच्या पन्हाळीचे थेंब, खाली पाण्यानं काठोकाठ भरलेलं ताट आणि मागे बटर पेपरमधून येणारा उजेड. गोपाळकाल्याला टेंभी नाक्याच्या किंवा तुमच्या गल्लीतल्या दहीहंडीला जाल तर दुपारीच जा. अंधार पडला की फ्लडलाइटची लुकलुक सुरू होते. गर्दीत ट्रायपॉड नको, एका पायाचा मोनोपॉड पुरतो. आणि थरांकडे बघताना आजूबाजूच्या माणसांनाही जपा.

१०. घराबाहेर निघताना

सोसायटीच्या गच्चीसाठी सेक्रेटरीला एक ओळीचं पत्र द्या: तारीख, वेळ, काय करणार आणि नंतर जागा स्वच्छ करून देणार. पिठाचे आणि रंगाचे प्रयोग असतील तर ते स्पष्ट लिहा. रेल्वे स्टेशनवर ट्रायपॉड उभा करू नका, तिथे परवानगीशिवाय चित्रीकरण चालत नाही. पाम बीच रोडच्या कडेला गाड्या टिपायचा मोह होतो. रस्त्याला लागून उभं राहू नका.

खाडीतले फ्लेमिंगो बघायला ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट मिळते. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आधी विचारून जा, सोबत ओळखपत्र ठेवा आणि कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क आहे का तेही विचारा. फ्लेमिंगोचे पंख सावकाश हलतात, त्यांना हजार फ्रेम नकोत. साध्या व्हिडिओ मोडमधल्या १०० फ्रेम घ्या, दोन सेकंदांचं बंधनही राहत नाही. थवा उडताना हवा म्हणून टाळ्या वाजवणारी, बोट जवळ न्यायला लावणारी माणसं मी पाहिली आहेत. असं कृपा करून करू नका. हे पक्षी लांबून येतात, खाण्यासाठी येतात. एकदा थवा उठवला की त्यांचा ओहोटीतला खाण्याचा वेळ वाया जातो.

पावसाळ्यात एसीतून काढलेला कॅमेरा थेट बाहेर नेलात तर लेन्सवर दव धरतं. पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवा.

११. संगणकावर

डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते. कॅमेऱ्यातली एचएफआर क्लिप आधीच संथ झालेली असते, तिचा वेग पुन्हा कमी करू नका. शंभर फ्रेमची क्लिप असेल तर क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन फ्रेम रेट २५ करा, ती चौपट संथ होईल. मधल्या फ्रेम रचणारा ऑप्टिकल फ्लो पाण्यावर आणि धुरळ्यावर वापरू नका, पहिल्या पायरीला फोनमध्ये पाहिलेली तीच वितळलेली चित्रं येतात.

आणि ८० सेकंदांची क्लिप कुणाला अख्खी दाखवू नका. घटनेच्या आधीचे पाचेक सेकंद, घटना, नंतरचे दहा. बाकी कापा.

एचएफआर क्लिपमध्ये आवाज नसतो. नवशिके त्यावर गाणं चढवतात. त्यापेक्षा शूट करताना फोन शेजारी ठेवून खरा आवाज वेगळा रेकॉर्ड करा. मोहरीच्या क्लिपला मी आधी खऱ्या वेगातली फोडणी लावली, तडतड आणि मागून आईचं 'हिंग दे इकडे'. मग आवाज तोडला आणि तिथून तो एक दाणा सावकाश वर जाताना दाखवला.